क्रूझला नेण्याचा प्रथिनांचा खाऊ : गोव्यातल्या प्रवाशांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचे भावजी तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरी करणारे. क्रूझ जहाजांच्या स्वयंपाकघरात त्यांची बरीच वर्षं गेली. त्यामुळे फोंड्यातल्या आमच्या ओळखीत कुणी क्रूझचं तिकीट काढलं की पहिला फोन आमच्याकडे येतो, आणि खाण्याचे प्रश्न भावजी माझ्याकडे सोपवतात. मुरगाव बंदरातून मुंबईकडे किंवा लक्षद्वीपकडे निघालेली जोडपी, दुबईहून जहाज पकडणारी कुटुंबं, सत्तरी ओलांडलेल्या आईला पहिल्यांदा समुद्र दाखवायला नेणारे मुलगे, असे सगळे विचारत असतात. त्यांचे प्रश्न आणि आमची उत्तरं इथे एकत्र ठेवली आहेत.

जहाजावर सकाळपासून रात्रीपर्यंत खाणं मांडलेलं असतं. मग खाऊ न्यायचाच कशाला?

प्रश्न रास्त आहे. तिन्ही जेवणांसाठी काहीही नेऊ नका, हे आधीच सांगते. न्याहारीला अंडी, दही, दूध, इडली. जेवणाला डाळ, पनीर, चिकन, मासे. प्रथिनांची तिथे वाण नसते.

अडचण येते मधल्या वेळांत. चारच्या चहाला टेबलावर काय असतं ते आठवा : केक, बिस्किटं, सँडविच, भजी. सगळा मैदा, साखर आणि तेल. रात्रीचं जेवण उशिरा, त्यानंतर कार्यक्रम, आणि पहाटे सूर्योदय बघायला डेकवर गेलं की पोटात कावळे ओरडायला लागतात, तेव्हा न्याहारी सुरू व्हायला अजून दीड तास असतो. जहाजावर चढायच्या दिवशी टर्मिनलमध्ये सामान तपासणं, कागदपत्रं, रांग यात दुपारचं जेवण हमखास हुकतं. बंदरावर उतरून फिरायला गेलं की बस उशिरा परतते.

या तीन-चार फटींसाठी खाऊ न्यायचा. आमच्या सासूबाई रात्री चार घास जेवतात आणि पहाटे चारला भुकेने जागतात. पहिल्या सफरीत दोन दिवस त्यांनी त्या वेळी नुसती बिस्किटं खाल्ली आणि न्याहारीच्या वेळेपर्यंत त्यांचे हातपाय गळून जायचे. तिसऱ्या पहाटे मूठभर डाळं आणि कपभर दूध दिलं, तर शांत झोपल्या. तेव्हापासून आमच्या घरात प्रवासाची पिशवी याच हिशेबाने भरली जाते.

घरी केलेलं खाणं जहाजावर नेऊ देतात का?

बहुतेक क्रूझ कंपन्या देत नाहीत. साधारण रीत अशी की कारखान्यातून बंद होऊन आलेली, न फोडलेली, फ्रिज न लागणारी पाकिटं थोड्या प्रमाणात चालतात; डब्यातलं घरचं जेवण, फळं, कच्चं मांस, मासे चालत नाहीत. काही कंपन्या बाहेरचं कुठलंच खाणं आत घेत नाहीत; लहान बाळांचं खाणं आणि डॉक्टरांनी लिहून दिलेलं पथ्याचं तेवढं मान्य करतात. तुमच्या तिकिटासोबत ज्या अटी येतात त्यांत बाहेरच्या खाण्याबद्दल परिच्छेद असतो. तो आधी वाचा, आणि शंका असेल तर कंपनीला मेल करून लेखी उत्तर घ्या. टर्मिनलच्या दारात तेच उत्तर कामाला येतं.

हा नियम खवचटपणातून आलेला नाही, हे भावजी कळकळीने सांगतात. हजारो माणसं एकाच लोखंडी इमारतीत चार-पाच दिवस राहतात. एका डब्यातलं नासकं खाणं किंवा पोटाचा एखादा विषाणू अशा जागी झपाट्याने पसरतो, आणि जवळचं मोठं रुग्णालय समुद्रापलीकडे असतं. म्हणून जहाजाच्या स्वयंपाकघरात प्रत्येक पातेल्याच्या तापमानाची नोंद ठेवतात. तुमच्या डब्याची नोंद कुणाकडेच नसते.

आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा मी ओल्या नारळाचे अळिवाचे लाडू स्टीलच्या डब्यात भरले होते. तपासणीच्या ठिकाणी तो डबा बाजूला ठेवायला लावला. वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर दुपारच्या उन्हात चार तास झाल्यावर डब्याचं झाकण काढलं तेव्हा आंबूस वास आलाच होता. तिथल्या मुलीने अडवलं नसतं तर ते लाडू मी सासूबाईंना दिले असते.

दिवसाला किती प्रथिनं लागतात? खाऊतून किती यावीत?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीप्रमाणे निरोगी प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. म्हणजे ६० किलोच्या माणसाला ५० ग्रॅम. साठीपुढच्यांना किलोमागे एक ग्रॅम किंवा थोडं जास्त घ्यावं असं बरेच आहारतज्ज्ञ सांगतात, कारण त्या वयात स्नायू लवकर झडतात.

आता जहाजावरचा दिवस मोजू. न्याहारीला दोन अंडी म्हणजे १२ ग्रॅम, वाटीभर दही ५-६. दुपारी डाळ आणि पनीर किंवा मासा, १५ ते २०. रात्री तेवढंच. पन्नाशी तिथेच गाठली. खाऊतून दिवसाला १०-१५ ग्रॅम आली तरी पुष्कळ झाली. पिशवीभर डबे नेणाऱ्यांना मी हा हिशेब कागदावर लिहून दाखवते, मग निम्मं सामान घरी राहतं.

मग नेमकं काय न्यावं?

माझ्या यादीत पहिला मान फुटाण्यांचा. साल असलेले भाजके चणे, १०० ग्रॅममध्ये सुमारे २० ग्रॅम प्रथिनं, तेल फार थोडं, वास नाही, हाताला चिकटत नाहीत, आणि महिनाभर टिकतात. आपल्याकडे जत्रेला गेलं की चणे आणि खाजं घेऊनच घरी यायचं, त्यातलं खाजं गुळामुळे गोडाकडे जातं, चणे मात्र जहाजावर सोन्यासारखे. खारवलेले घेऊ नका, साधे घ्या. जहाजावरच्या जेवणात मीठ आधीच पुरेसं असतं आणि रक्तदाबवाल्यांना ते जाणवतं. बंद पाकिटातले फुटाणे कुठल्याही मोठ्या दुकानात मिळतात.

दुसरे भाजके शेंगदाणे. १०० ग्रॅममध्ये २५ ग्रॅम प्रथिनं, पण तेलही निम्म्याच्या आसपास, म्हणून एका वेळी छोटी मूठ, ३० ग्रॅम. त्यातून साडेसात ग्रॅम मिळतात. चणे आणि दाणे दोनास एक मिसळले की चवही येते आणि पोटही जड होत नाही.

भोपळ्याच्या बिया हल्ली सगळीकडे मिळतात. १०० ग्रॅममध्ये ३० ग्रॅमच्या घरात प्रथिनं. महाग आहेत, पण लागतात थोड्याच. भाजलेलं सोयाबीन प्रथिनांत या सगळ्यांच्या वर, ३५ ग्रॅमच्या पुढे. मात्र सवय नसेल तर पोटात वायू धरतो. समुद्रावर पहिल्यांदा खाऊन बघायची ही वस्तू नाही.

दात नसलेल्यांसाठी सातूचं पीठ. चण्याच्या सातूत १०० ग्रॅममागे २० ग्रॅमच्या वर प्रथिनं असतात. न्याहारीच्या टेबलावरून ताक किंवा पातळ दही घ्या, त्यात दोन चमचे सातू, चिमूटभर जिरेपूड, चमच्याने गुठळी मोडेपर्यंत ढवळा. सासूबाई हे पेलाभर पितात आणि अकरापर्यंत निवांत असतात.

आणि मेतकूट! क्रूझच्या खाऊत मेतकुटाचं नाव घेतलं की लोक चकित होतात. भाजलेल्या डाळींचं पीठच ते. दुकानातली बंद पुडी न्या. जहाजावरचा गरम भात, त्यावर लोणी किंवा दही आणि मेतकूट. चौथ्या दिवशी त्या मोठ्या हॉलमधल्या सगळ्या चवी सारख्याच वाटायला लागल्या की या एका चमच्याने जीव जागेवर येतो. उडदाचं डांगर नेणारीही घरं आहेत. शेंगदाण्याची किंवा जवसाची कोरडी चटणीही याच कामाची, फक्त लसणाचा वास बंद खोलीत भरून राहतो, म्हणून लसूण नसलेली.

शेंगदाण्याची चिक्की न्यावी का, असं दर वेळी कुणीतरी विचारतं. न्या, पण ती गोड म्हणून. त्यात निम्म्याच्या आसपास गूळ असतो. मखाने आणि कुरमुरे हलके आहेत, चांगले आहेत, पण प्रथिनांच्या हिशेबात त्यांना धरू नका. मखान्यांत १०० ग्रॅमला दहाच्या आसपास, आणि १०० ग्रॅम मखाने म्हणजे परातभर.

गोव्याचे काजू सोडून फुटाणे न्यायचे?

काजू आपला अभिमान आहे. पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेलं हे झाड आता आपल्या डोंगरांचंच झालंय, आणि सालीसकट भाजलेल्या काजूची चव मला स्वतःला दुसऱ्या कशालाच येत नाही. पण आकडा आकडाच. काजूत १०० ग्रॅममागे सुमारे १८ ग्रॅम प्रथिनं, म्हणजे फुटाण्यांपेक्षाही थोडी कमी, आणि तेल ४५ ग्रॅमच्या आसपास. किंमत तर तुम्हाला ठाऊकच. दहा काजू चवीला, बाकी मूठ चण्यांची, असं करा. शेजारच्या केबिनमधल्या ओळख झालेल्या कुटुंबाला भेट द्यायला मात्र काजूचं बंद पाकीट जरूर ठेवा.

आपल्या हवेत सगळं सादळतं. जहाजावर काय होणार?

केबिनमध्ये एसी असतो, तिथे हवा कोरडी राहते. खरा त्रास बाल्कनीचं दार उघडं टाकल्यावर आणि खाऊ डेकवर नेल्यावर होतो. खारी हवा फुटाण्यांना अर्ध्या तासात चामट करते.

उपाय सोपा आहे. मोठं पाकीट एक नेण्यापेक्षा लहान पाकिटं जास्त न्या, ३० ते ५० ग्रॅमची, आणि एक फोडलं की तिथेच संपवा. घरच्या पुड्यांना परवानगी असेल तर अशा भरा : चणे कढईत मंद आचेवर पाच-सात मिनिटं पुन्हा परता. एक दाणा पंख्याखाली पूर्ण गार करून दोन दातांत धरून फोडा. कट्‌ असा कोरडा आवाज आला आणि आतून पीठ सुटलं तर झाले. दात रुतला आणि दाणा दबला तर आणखी दोन मिनिटं. गरम असताना कधीही भरू नका, वाफेचं पाणी आत सुटतं आणि दुसऱ्या दिवशी वास मारतो. झिपच्या जाड पिशवीत भरून हवा दाबून काढा, वर तारीख आणि आत काय आहे ते लिहा. दाण्यांचं उलट आहे, त्यांना दमटपणापेक्षा उष्णतेचं भय जास्त. गाडीच्या डिकीत दोन तास उन्हात राहिले की ते खवट होण्याकडे झुकतात. म्हणून वास्कोपर्यंतच्या रस्त्यात खाऊ पायाशी ठेवा, डिकीत नको.

उकडलेली अंडी, पनीर, चिकन, सुकी सुंगटं (कोळंबी)?

नाही. चारही नाही.

५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात जंतू भराभर वाढतात. उकडलेलं अंडं किंवा पनीर बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि आपल्या एप्रिल-मेच्या उकाड्यात एक तासही खूप. केबिनमधला छोटा फ्रिज बहुधा पेयं गार ठेवण्यापुरता असतो, त्यावर पनीर सोपवू नका. अंडी तर जहाजावर रोज ताजी मिळतात.

सुक्या सुंगटांत निम्म्याहून जास्त प्रथिनं असतात हे खरं, आणि परदेशी जाणारे तारवटी सामानात किसमुरीची, म्हणजे सुक्या सुंगटांच्या कोशिंबिरीची, तयारी नेतात हेही खरं. पण बंद केबिन, समान वाहिनीतून फिरणारी हवा आणि शेजारी परक्या गावचं शाकाहारी कुटुंब, हा विचार करून ती घरीच ठेवा. पोदेराकडचे, म्हणजे बेकरीवाल्याकडचे, पोळी किंवा उंडे हे पावही नकोत. दुसऱ्या दिवशी बुरशी धरते.

प्रोटीन बार आणि पावडरीचं काय?

बारच्या पुढच्या बाजूला काय लिहिलंय ते सोडा, पाकीट उलटं करा. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापायची असते. पहिल्या तिनात साखर, ग्लुकोज सिरप किंवा खजूर असेल तर ती मिठाई आहे, कागद वेगळा एवढंच. एका बारमध्ये दहा ग्रॅम किंवा जास्त प्रथिनं आणि साखर त्यापेक्षा बरीच कमी, असा बार घ्या. माल्टिटॉल हे नाव दिसलं तर एका दिवशी एकच खा, जास्त झालं की पोट बिघडतं. चॉकलेटचा थर असलेले बार आपल्या उन्हात वितळून कागदाला चिकटतात.

पावडर न्यायची असेल तर मूळ डब्यात किंवा एकेका वेळच्या बंद पुडीत. नाव नसलेल्या पिशवीत पांढरी पूड ठेवून सुरक्षा तपासणीला उभं राहू नका; दोष तुमचा नसला तरी वेळ तुमचा जातो. विकत घेताना डब्यावर अन्नसुरक्षा परवान्याचा १४ आकडी क्रमांक आहे ना ते बघा. साय काढलेल्या दुधाच्या पावडरीतही १०० ग्रॅममागे ३५ ग्रॅम प्रथिनं असतात आणि ती कितीतरी स्वस्त पडते. व्यायामाची सवय नसलेल्या माणसाला चार दिवसांसाठी महागड्या डब्याची गरज मला वाटत नाही.

केबिनमध्ये पाणी उकळायची किटली किंवा कॉइल नेऊ नका. उष्णता निर्माण करणारी उपकरणं जहाजावर काढून घेतात, कारण समुद्रात आगीइतकं मोठं संकट दुसरं नाही. गरम पाणी हॉलमध्ये मागितलं की मिळतं.

घरात मधुमेह आहे. काय काळजी घ्यावी?

चणे-दाणे साखर हळू वाढवतात, म्हणून मधल्या वेळेला ते बिस्किटांपेक्षा केव्हाही बरे. पण एक गोष्ट कृपा करून लक्षात ठेवा. साखर अचानक उतरली, घाम फुटला, हात थरथरू लागले, तर चणे देऊ नका. त्या वेळी लगेच विरघळणारी साखर हवी : तीन चमचे साखर पाण्यात, किंवा १५ ग्रॅम ग्लुकोज. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, साखर ७० च्या खालीच असेल तर पुन्हा द्यायचं, आणि जहाजाच्या डॉक्टरांना कळवायचं. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालू नका, थेट डॉक्टरांना बोलवा. साखर वर आल्यानंतर मग मूठभर चणे, पुन्हा उतरू नये म्हणून. ग्लुकोजची पुडी खाऊच्या पिशवीत नको, अंगावरच्या खिशात हवी.

मूत्रपिंडाचा आजार असेल तर या पानावरचं काहीही तुमच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. त्या आजारात प्रथिनं मोजून द्यावी लागतात, आणि दाणे-बियांतलं पोटॅशियम व फॉस्फरसही बघावं लागतं.

लहान मुलांसाठी?

पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खे दाणे, चणे, काजू देऊ नका. धावताना, हसताना ते श्वासनलिकेत अडकतात, आणि हलत्या जहाजावर ही भीती आणखी वाढते. त्यांच्यासाठी सातू दुधात कालवून, किंवा बंद डब्यातलं शेंगदाण्याचं लोणी पावावर पातळ पसरून. कुणाला दाण्यांची अलर्जी असेल तर तिकीट काढतानाच कंपनीला कळवा. मुलांच्या खेळघरात दाण्यांचा खाऊ पाठवू नका, तिथे दुसऱ्याच्या मुलाला अलर्जी असू शकते.

खाण्याआधी हात साबणाने धुवायला लावा. जहाजांवर पसरणाऱ्या उलटी-जुलाबाच्या नोरोव्हायरसवर जंतुनाशक जेलचा फारसा भरवसा नाही, साबण-पाणीच लागतं. आणि एकाच पाकिटात पाचजणांचे हात नकोत. प्रत्येकाच्या हातावर ओता.

बोट लागली तर हा खाऊ चालेल का?

मळमळ जोरात असताना कुठलंच प्रथिन पोटात ढकलू नका. कोरडा टोस्ट, घोट घोट पाणी, आलेपाकाचा तुकडा. आल्याने मळमळ कमी होते हा आपल्या घरांतला अनुभव आहे आणि वैद्यकातही त्याला मान्यता आहे. जहाजाच्या मधोमध, खालच्या मजल्यावर हेलकावा सर्वांत कमी जाणवतो. तिथे बसा, किंवा डेकवर उभं राहून क्षितिजाकडे बघा. उपाशी पोटी बोट जास्त लागते, म्हणून पोट जरा थाऱ्यावर आलं की चार-पाच फुटाणे सावकाश चावून खा. तेलकट दाणे आणि लाडू दुसऱ्या दिवशी.

सोमवार, एकादशी किंवा जैन पथ्य असेल तर?

आपल्याकडे सोमवारी मासे न खाणारी घरं अजून पुष्कळ आहेत, त्यांना जहाजावर डाळ-पनीर मिळतंच. उपवासवाल्यांची खरी ओढाताण होते. साबुदाण्यात प्रथिनं नाहीत म्हटलं तरी चालेल. राजगिऱ्यात १३-१४ टक्के असतात, म्हणून राजगिऱ्याची बंद वडी, शेंगदाणे आणि जहाजावरचं दूध-दही एवढ्यावर दिवस व्यवस्थित निघतो. जैन पथ्यवाल्यांनी मसाला चणे घेताना घटकांत कांदा-लसणाची पूड आहे का ते बघावं; साधे फुटाणे घेतले की प्रश्नच मिटतो.

दुबई किंवा सिंगापूरहून क्रूझ आहे. दाबोळी किंवा मोपाहून विमानाने जाणार. काय वेगळं?

बरंच वेगळं, आणि इथे चूक महागात पडते.

पहिली गोष्ट खसखस. संयुक्त अरब अमिरातीत खसखस नेणं गुन्हा आहे, ती तिथे अमली पदार्थांत मोजतात. सिंगापूरलाही ती नेऊ नका. डिंकाच्या लाडवात, अनारशावर, मसाल्यात ती असते आणि आपल्या लक्षातही राहत नाही. आईने प्रेमाने बांधून दिलेला डबा विमानतळावर नेण्याआधी तिला एकदा विचारा.

दुसरी, सुक्या खोबऱ्याच्या वाट्या. त्यांतल्या तेलामुळे त्या पेट घेऊ शकतात, म्हणून विमान प्रवासात त्यांच्यावर निर्बंध आहेत. नकोतच. तिसरी, शेंगदाण्याचं लोणी हे द्रवात मोजलं जातं. आंतरराष्ट्रीय प्रवासात हातातल्या सामानात १०० मिलिलिटरपेक्षा मोठी बाटली काढून घेतात, ती तपासून पाठवायच्या बॅगेत ठेवा.

जहाज जर ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड किंवा अमेरिकेच्या बंदरावर लागणार असेल, तर बिया, दाणे, मांस, दुधाचे पदार्थ यांबद्दल तिथले नियम फार कडक आहेत. जवळ असलेलं खाणं अर्जावर लिहून जाहीर करावं लागतं, लपवल्यास दंड. सोपा मार्ग म्हणजे उतरताना खिशात काही ठेवायचंच नाही. न्याहारीच्या टेबलावरचं केळं पिशवीत टाकून उतरणाऱ्यांनाही हेच लागू.

लक्षद्वीपला किंवा मुंबईला उतरताना काय सोबत ठेवावं?

माणशी दोन लहान पाकिटं आणि पाण्याची बाटली. लक्षद्वीपला जहाज खोल पाण्यात उभं राहतं आणि लहान बोटीने बेटावर न्यावं लागतं. त्या चढ-उतारात हात मोकळे हवेत, म्हणून खाऊ पाठीवरच्या पिशवीत. चण्यांसोबत पाणी भरपूर प्या, नाहीतर उन्हात फिरून पोट कडक होतं. रिकामी पाकिटं परत जहाजावर आणा. प्लास्टिक समुद्रात टाकायला जगभरातल्या सगळ्या जहाजांना पूर्ण बंदी आहे, ती १९८८ च्या अखेरीपासून, आणि डेकवरून वाऱ्याने उडालेलं पाकीटही समुद्रातच जातं. मासळीवर वाढलेल्या आपल्यासारख्यांनी तरी त्यात ढिलाई करू नये.

पणजीला मांडवीतल्या संध्याकाळच्या बोटीसाठी काही न्यावं का?

काही नको. सांता मोनिका जेट्टीवरून निघालेली बोट तासाभराने परत येते. आधी भाजी-पाव खाऊन जा.

एकूण किती न्यावं, आणि कुठे ठेवावं?

चार रात्रींच्या सफरीला माणशी आठ लहान पाकिटं, म्हणजे दिवसाला दोन. सगळी मिळून ४०० ग्रॅमच्या आत. त्यांत पाच चणे-दाण्यांची, दोन बार, एक बियांचं. शिवाय घरात मिळून एक मेतकुटाची पुडी आणि गरज असेल तर सातू. यापेक्षा जास्त नेलं की संपवायचं म्हणून खाल्लं जातं.

दोन पाकिटं आणि औषधं हातातल्या पिशवीत ठेवा. मोठ्या बॅगा टर्मिनलवर काढून घेतात आणि त्या केबिनच्या दाराशी कधीकधी संध्याकाळी पोचतात. दुपारी एकला भूक लागली आणि खाऊ बॅगेत, असं फार जणांचं होतं.

परतताना उरलं तर?

बहुतेक वेळा एक-दोन पाकिटं उरतातच. परतीच्या दिवशी न्याहारी लवकर आटपते आणि बंदराबाहेर टॅक्सी मिळेपर्यंत अकरा वाजतात. आम्ही ती दोन पाकिटं त्याच वेळेसाठी राखून ठेवतो. गेल्या खेपेला वास्को ते फोंडा रस्त्यात सासूबाईंनी एक पाकीट फोडलं, दोन दाणे तोंडात टाकले, आणि उरलेलं पुढे चालवणाऱ्या टॅक्सीवाल्या दादांच्या हातावर ओतलं.